पंधरा अक्षरांच्या आत

पुन्ता अरेनासच्या इस्पितळात, तळघरात,
हिमेना ओयार्सून एका चौकटीत टाइप करते
इस्पितळाची तीन अक्षरं, आडवी रेघ,
आणि महिरपी कंसात एकटा एन.
त्या एनच्या जागी यंत्रणा आकडे भरेल.
अंक तीनच, कमी नाहीत की जास्त नाहीत,
म्हणजे साधा सातसुद्धा पुढे दोन शून्यं लावून
रांगेत उभा राहील, थोरल्या भावाचा कोट घातल्यासारखा.
सगळं मिळून पंधरा अक्षरांच्या आत.

एवढंच बारसं.
घुगऱ्या नाहीत, कानात कुणी कुर्र केलं नाही.
कॉफी निवायच्या आत
एकशेवीस संगणक जन्मले,
एकालाही अंग नाही.

तिच्याआधी इथे डॉन एवारिस्तो होता.
तो आपल्या खोक्यांना सामुद्रधुनीत बुडालेल्या
बोटींची नावं द्यायचा.
रोसाउरा बिलं छापायची.
दोस एर्मानास क्ष-किरण सांभाळायची.
तेमेरारिया दर शुक्रवारी बंद पडायची
आणि तो तिच्याशी हळू आवाजात बोलायचा.
तेव्हा नाव बुडाली तरी नाव उरायचं.

हिमेनाने त्याला कधी नावं ठेवली नाहीत.
पण एकशेवीस बोटी आणायच्या कुठून,
आणि रोज त्या बुडवायच्या कुणी?
कारण इथे माणूस उठून गेला
की त्याचा संगणक पुसला जातो,
आणि त्याच नावाचा दुसरा
त्याच जागी डोळे उघडतो.

रात्री सव्वातीनला फोन. तिसरा मजला, नवजात विभाग.
सिस्टर दानित्सा बार्रिया.
"सतरा आजारी आहे.
कालही अडखळत होता, परवाही."

"कालचा सतरा आता नाहीये, सिस्टर.
तुमच्यासमोर आहे तो तासाभराचा आहे.
नाव तेवढं तेच."

"मग नवा आकडा का देत नाही त्याला?"

"रिकामी जागा आधी भरायची, असं ठरलेलं आहे."

फोनमध्ये वारा ऐकू येत होता,
खिडकीची काच तिच्या चौकटीत थरथरत होती,
मागे एक बाळ किरकिरत होतं.

"माझ्या आईनेही तसंच केलं," दानित्सा म्हणाली.
"माझ्या आधी एक दानित्सा होती. अकरा दिवस.
दफनभूमीत सुरूंच्या मागे
दगडावर माझं नाव आहे, तारीख माझी नाही.
दर नोव्हेंबरात आई माझ्या हातात फुलं द्यायची,
म्हणायची, जा, ठेवून ये."

हिमेनाला यावर काही सुचलं नाही.
म्हणून तिने डिरेक्टरी उघडली.

तिथे होता तो.
सहा आठवड्यांपूर्वीचा सतरा,
पुसताना कुठेतरी वीज गेली असेल,
संगणक गेला, खातं राहिलं.
नंतरचा प्रत्येक सतरा दाराशी यायचा,
नाव सांगायचा,
आणि आतून कुणीतरी म्हणायचं, तो तर आलाय.

"सिस्टर, सापडला.
जुन्याचं खातं राहून गेलंय.
पुसू का?"

हे विचारायची काही गरज नव्हती.
तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली.
"थांबा जरा," दानित्सा म्हणाली,
"चार नंबरच्या बाळाचं वजन तेवढं कागदावर लिहून घेते.
त्याला अजून नाव नाही.
आई म्हणते, कळेल तेव्हा कळेल."

मग म्हणाली, "हं. पुसा."

सतरा उठला. नाव सांगितलं.
या वेळी दार उघडलं.

"आता कसा आहे?"
"हलका," दानित्सा म्हणाली. फोन ठेवला नाही.
"पहिल्याचं काही उरलं का हो?"

हिमेनाने लॉग वर सरकवला, खाली सरकवला.
"उरलंय," ती म्हणाली,
"एक ओळ.
तारखेसकट."