मॅचिंग

पुण्यावरून ती जात नाही.
विषुववृत्ताला धरून, साडेसहाशे किलोमीटर उंचीवर
दिवसातून चौदा-पंधरा फेऱ्या मारते आमची दुर्बीण,
आणि मी इथे पाषाण रोडला, दुसऱ्या मजल्यावर,
पडदे ओढून
तिनं पाहिलेलं उघडून बसते.

उन्हात ती डोळे मिटून घेते.
दक्षिण अटलांटिकवर आली की पुन्हा मिटते,
तिथे कसले कसले कण अंगावर येतात.
उरलेल्या अंधारात मात्र
प्रकाशाचा एकेक थेंब मोजून घेते,
रॉकेलच्या रांगेतल्या बाईसारखी.

मागे एकदा हिनं
नऊ अब्ज वर्षांपूर्वी निघालेला उजेड टिपला.
सरांनी पेढे आणले.
स्क्रीनवर पाच-सहा चौकोन
शेजारच्यांपेक्षा जरा उजळ होते.
बस, एवढंच.

लोकांना वाटतं, वरून रंगीत फोटो येतात.
येतात ते आकडे.
राखाडी, पावडर सांडल्यासारखे.
रंग मी देते.

आजची दीर्घिका बघा:
या प्रकाशात म्हातारे तारे दिसतच नाहीत,
फक्त कालपरवाचे, कडेकडेनं पेटलेले.
साडी विरून जावी
आणि काठ तेवढा उरावा, तशी.
वाघोलीकर सर मागून म्हणतात,
“अतिनील आहे ना? मग निळा दे.
पोस्टरवर उठून दिसेल.”

आमच्या घरात निळा असा रंगच नव्हता.
आकाशी होता, मोरपिशी, चिंतामणी,
आनंदी, जांभळाच्या सालीचा, जांभळाच्या गराचा.
रविवार पेठेत नानांचं दुकान, सहा बाय आठ,
दोन स्टोव्ह, चार पातेली,
कोपरापर्यंत कुठल्या तरी रंगाचे हात.
बायका साडीचा पदर पुढे करायच्या,
नाना फॉलची पट्टी बुडवायचे, पिळायचे,
दारात उन्हात धरायचे.
“घ्या. आता शोधा बघू, कुठं जोडलंय.”

मग मोतीबिंदू.
हडपसरच्या शाळेत शिबिर होतं.
त्या काळी भिंग काढायचे, नवं बसवत नसत.
सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा आला
आणि चष्मा काढला की नाना म्हणू लागले,
हे दोन पांढरे एक नाहीत.

कुणाला फरक दिसेना.
गिऱ्हाईक म्हणे जुळलंय, आई म्हणे जुळलंय,
नाना पट्टी परत पाण्यात.
“याच्यावर काहीतरी आहे गं.
दुधात निळीचा थेंब पडावा
आणि ढवळायचं राहून जावं, तसं.”
आईनं डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले, वय.
गिऱ्हाईक तुटत गेलं.
मीसुद्धा एकदा ओरडले होते, भर दुकानात,
मला बारावीच्या क्लासला उशीर होत होता.

आणि इथे नोकरीला लागल्यावर
एका जाड मॅन्युअलच्या तळटीपेत वाचलं,
रात्री अकराला, डब्यातली मेथी चिवडताना:
माणसाच्या डोळ्यातलं भिंग अतिनील प्रकाश अडवतं.
ते काढलेल्या माणसाला
तो थोडासा दिसतो.

नानांना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.
डबा तसाच झाकला.

तर आज, फाइल उघडी, कर्सर लुकलुकतोय.
पांढऱ्यात थेंबभर नीळ टाकली.
ढवळली नाही.
काठावर जरा साकळू दिली.

सर म्हणाले, “फार फिकट.”
पोस्टर शेवटी गडद निळंच छापलं गेलं.
माझी प्रत मी वेगळी ठेवली,
आणि विज्ञान दिनाला, सर जेवायला गेल्यावर,
पोस्टरशेजारी टाचणीनं लावली.

कोंढव्याच्या शाळेतली एक मुलगी,
नाव विचारलं तर म्हणाली तहुरा,
दोन्हींसमोर उभी. बराच वेळ.
“यातला खरा कुठला?”
खरा दिसत नाही, म्हटलं. हा जुळवलाय.
“कशाशी? कुणी पाहिलाय का खरा?”

रविवार पेठेत एक जण होते, म्हटलं.
आता तिथं मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे.