मागच्या सीटखाली

नवा गुडघा बसवल्यापासून
उल्हासला उकिडवं बसायची बंदी आहे.
म्हणून तो प्लास्टिकच्या खुर्चीत,
मांडीवर पान्यांची पिशवी,
आणि मी पार्किंगच्या फरशीवर,
कालच्या पेपरातल्या ‘वधू पाहिजे’वर बसलेली.

समोरच्या भिंतीवर पाटी :
‘येथे वाहनदुरुस्ती करू नये.’
अक्षर त्याचंच, सेक्रेटरी होता तेव्हाचं.
आम्ही दोघंही तिकडे बघत नाही.

भाऊबीजेचा पाट डबल स्टँडखाली सरकवला,
मागचं चाक वीतभर अधांतरी.
ब्रेकचा रॉड सोडवला.
“आता पिन.”
दिसतेय मला.
सरळ करायला गेले आणि स्प्लिट पिन तुटली.
“तुटतेच ती. दर वेळी नवी घालायची असते.”
हे अठ्ठावीस वर्षांत कधी बोलला नाहीस.
“तू विचारलंस कधी?”

ॲक्सलचा नट हलेना.
पान्याला पाइप लावला, पाइपवर मी.
बँकेत कॅश काउंटरवर बसून बसून
कमावलेलं सगळं वजन एकदाचं कामी आलं.
असा करकरला नट
की दुसऱ्या मजल्यावर भागवतांची खिडकी उघडली.

रबरी हातोडीनं ठोकत ठोकत ॲक्सल बाहेर.
चाक जरा पुढे ढकललं, चेन उतरवली,
आणि ते आलं थेट मांडीवर,
टायर पार टकला,
ताऱ्यांमध्ये कुठल्या कुठल्या घाटांचा चिखल.
दापोली. गोकर्ण.
अंबोलीत रात्री दोन वाजता चुकलेला रस्ता.
मी इतकी वर्षं त्याच्या जर्किनची शिवण पाहत बसले होते,
आणि माझ्या बरोब्बर खाली
हे फिरत होतं.
वाकून पाहायचं कधी सुचलं नाही.

नाना पेठेत रिक्षानं गेले. चाक सीटवर, शेजारी.
“पाहुण्यांना धरून बसा, ताई,” रिक्षावाला म्हणाला,
“सातारा रोडचं काम चालूय.”

मुनाफभाईंनी टायर बदलला, ट्यूब बदलली.
मग हबमधून रबरं काढून माझ्या तळहातावर ठेवली,
चार, कडेनं कुरतडलेली,
चिक्कीच्या डब्यात तळाशी उरतात तशी.
“गिअरचा हिसका हे खातात, बाई.
मागच्या माणसाला कळू देत नाहीत.”

आणि उल्हास आयुष्यभर सांगत आला
की माझा हात हलका आहे.

दुपारी सगळं परत बसवलं.
चेन चढवली, ॲक्सल सरकवला, नट आवळला.
पाणी प्यायला उठले तर पेपरवर,
‘उंच, निर्व्यसनी, स्वतःचा फ्लॅट’च्या मधोमध
लोखंडी बुश.
“क्रमानं ठेव म्हटलं होतं.”
तू मोजायला बसला होतास ना?
“मी पाने मोजत होतो.”
चाक डावीकडे झुकलेलं, कोणालाही दिसेल असं.
थोडा वेळ कोणी काही बोललं नाही.
मग मी परत पेपरवर बसले.

दुसऱ्यांदा वीस मिनिटं लागली. भांडणासकट.

“खुणा जुळव. इकडे किती?”
तीन.
“तिकडे?”
तीन.
त्याला खुर्चीतून दिसत नव्हतं.
तीन म्हटलं, तर त्यानं तीन मानलं.

“चेनला ढील दोन बोटं.”
कोणाची?
त्यानं वाकून हात पुढे केला,
गुडघ्यामुळे अर्ध्यातच अडकला.
उरलेलं अंतर मी चेन सोडून पुढे सरकले,
त्याची बोटं मोजून घेतली, परत आले.
माझी अडीच भरली.

नवी पिन. दोन्ही टोकं मिशांसारखी वळवली.
चाकाला एक टोला :
फिरत राहिलं, फिरत राहिलं,
ब्रेकपाशी कुठेतरी हलकं घासत.
“घासू दे. चालतं तेवढं.”

डिसेंबरात हंपीला जायचंय.
आज फक्त तळजाईच्या चढापर्यंत.
किल्ली माझ्याकडे.
तो मागे बसला, नवा पाय उचलून, सावकाश,
दोनदा चुकून.
“कुठे धरू?”

कुठेही धर.
फक्त गिअरबद्दल काही बोलू नकोस.
चार नवी रबरं घातलीत.