खालची ओळ

हडर्सफील्डात दिवसभर मी लोकांकडून
तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ वाचून घेतो.
ही काच बरी, की ही? पहिली, की दुसरी?
साडेपाचला शटर ओढतो,
आणि रात्री तळघरात, जिथं पूर्वीचे लोक लोणी गार ठेवायचे
त्या दगडी कट्ट्यावर
सोल्डरिंगची कांडी तापत ठेवतो.

बेस गिटार जुनी, चार तारांची.
तिचा आवाज बुजऱ्या पाहुण्यासारखा दारातच उभा;
त्याला हाताला धरून आत आणायचं, म्हणून हा प्रीअँप.
ट्रान्झिस्टर एकच, एका बाजूनं सपाट, हरभऱ्याच्या डाळीसारखा.
नऊ व्होल्टची बॅटरी.
तपकिरी, काळा, हिरवा: दहा लाख ओहम,
हे मला पाढ्यासारखं पाठ.
आकृती गॅसच्या बिलामागे तीनदा काढली, दोनदा खोडली.
प्रवाहानं जिथं जायचं नाही
तिथली तांब्याची पट्टी ड्रिलचं टोक हातानं फिरवून तोडली.
राळेचा धूर डोळ्यांत गेला.
स्क्रू पिळत पिळत मीटर साडेचारवर आणला,
बरोबर अर्ध्यावर:
वर उसळायला जेवढी जागा, तेवढीच खाली बुडायला.

रविवारी एव्हरटन आला.
छत्तीस वर्षं मिलमध्ये सुटाचं कापड तपासलं त्यानं,
आणि शनिवारी रात्री चर्चच्या हॉलमध्ये
स्वतः ठोकलेले, कपाटाएवढे स्पीकर लावले.

तार छेडायच्या आधीच गुणगुण सुरू.
सेकंदाला पन्नास,
जाड तारेच्या तिसऱ्या पट्टीपेक्षा केसभर चढी.
ओळखीची वाटली. इस्लामपूरला
आमच्या खांबावरचा ट्रान्सफॉर्मर हाच सूर धरायचा,
एक सप्तक वर.
डबीला अर्थची तार जोडायचीच राहिली होती.
जोडली. शांत.
जरा चुकल्यासारखं झालं.

मग वाजवलं.
बोटांची खरखर स्वच्छ, पट्ट्यांची टिकटिक स्वच्छ,
आणि जाड तार छेडली तर
विहिरीत दगड टाकावा आणि पाण्याचा आवाजच येऊ नये, तसं.
एव्हरटननं स्पीकरवर तळवा ठेवला, मान हलवली.
"वरचा मजला छान बांधलायस.
खाली घरच नाही."

खिशातून त्यानं पितळेचं घडीचं भिंग काढलं,
इंचात धागे किती ते मोजायचं,
आणि बोर्डावर ओणवा झाला.
"ह्या पिवळ्या थेंबावर काय लिहिलंय?"
एकशे चार, मी म्हणालो.
"नीट बघ."
भिंगाखाली: एकशे दोन.

शंभरपट लहान कपॅसिटर.
एवढ्याशा फटीतून बारीक सूर सुळकन आत आले,
लांब ढांगांचे बाहेरच राहिले.
मी गप्प. तो भिंग मिटत म्हणाला,
"तुझं दुकान कसलं रे, म्हणालास?"

थेंब उपसला. दुसरा बसवला,
तीनदा वाचून, त्यातही एकदा त्याच्याकडून.
मोकळी जाड तार:
सेकंदाला एक्केचाळीस, ऐकू यायच्या आधी बरगडीत.
बरणीतले स्क्रू एकमेकांना चिकटून थरथरले,
कोळशाच्या जुन्या झडपेतून धूळ पडली.
पलीकडच्या मिसेस हर्स्टनी
भिंतीवर दोनदा ठोकलं.
"पोचला," एव्हरटन म्हणाला.

सोमवारी पहिल्याच बाई
खालच्या ओळीत दोन अक्षरं चुकल्या, आणि ओशाळल्या.
म्हटलं, होतं असं.
काच किंचित वाढवली. पुन्हा वाचायला लावलं.
त्या गेल्यावर दार लोटून घेतलं,
आणि त्याच खुर्चीत जाऊन बसलो.