उसनवारी

होंडा, दीडशे सीसीची. ओमारूच्या एका पिझ्झावाल्या पोराकडून.
तीनशे डॉलर आणि वर दोन डझन अंडी.
मागच्या खोक्याचे बोल्ट गंजून एकजीव झालेले,
ते तोडण्यातच एक अख्खा रविवार गेला.
मग आरसे काढले, दिवे काढले, हॉर्न काढला.
हॉर्न काही टाकवला नाही.
तो स्वयंपाकघरात आहे, खिडकीत, मिठाच्या बरणीशेजारी.

चामड्याचा सूट टपालाने आला,
कुणाचा तरी अंगभर वापरून झालेला.
पाठीवर शिवलेलं नाव : पेनीक्विक.
उजवा गुडघा पार सालपटलेला,
म्हणजे वळणावर तो तितका झुकायचा.
माझा गुडघा अजून जमिनीपासून वीतभर वर,
पाहुण्याघरी बसल्यासारखा अवघडून.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं नाही.
टायर : दुसऱ्यांनी फेकलेले, कडांना अजून जीव असलेले.
प्रवेश फी : दोन जादा पहाटेची धार.
झोप : व्हॅनमध्ये, चाकाला पाय लावून.
रात्री पेट्रोलचा वास इतका
की स्वप्नंसुद्धा काडी ओढायला घाबरली असतील.

सकाळी गो-कार्टच्या ट्रॅकवर दहिवर.
तपासणीला इस्ला मॅकगिबन, वय पंच्याहत्तर,
घडीच्या खुर्चीतून न उठता, टॉर्च मारून म्हणाली,
"तेलाच्या बोल्टला तार नाही.
तो निसटला तर तुझ्यामागचे सगळे आडवे."
तार नव्हती माझ्याकडे. ड्रिलही नव्हतं.
तिने खिशातून तार काढली, व्हॅनमधून ड्रिल मागवलं,
आणि माझा हात धरून पीळ द्यायला शिकवलं :
"वेणी घालतेस ना? तशी. घट्ट, पण केस तुटू नयेत."

पहिली शर्यत.
एक चौदा वर्षांचा आतून गेला,
एक सत्तरीचा बाहेरून, जाताना मान हलवून.
तिसऱ्या फेरीत, सगळ्यात हळू वळणावर, मी पडले.
इतकी सावकाश पडले
की मध्ये विचार करायला वेळ मिळाला :
घरभाडं, मनाआकीच्या दाताची फी,
आणि मी हे नक्की कुणाला सांगितलंय आणि कुणाला नाही.

लाउडस्पीकर ओरडला, "पेनीक्विक पडला, पण उठला!"
मी वाइमारिए पाराता. मी उठले होते.
क्लचचा लिव्हर मात्र गवतात, दोन तुकडे.

दुसऱ्या शर्यतीला चाळीस मिनिटं.
फेटू, माझ्याच रांगेतला, माझ्याहून थोडासाच जलद,
टूलबॉक्स उपसून एक लिव्हर घेऊन आला.
"परत दे बरं का," म्हणाला,
"मीही तो कुणाकडून तरीच आणलाय,
कुणाकडून ते आता आठवत नाही."

अवसान तर उसनंच होतं.
त्यात हा लिव्हर, ती तार, हे नाव.
माझं म्हणावं असं गाडीवर काय होतं,
तर कपाळावरचा घाम, आणि तोही
हेल्मेटच्या जुन्या अस्तरात कुणाच्या तरी घामात मिसळत होता.

दुसऱ्या शर्यतीत शेवटून दुसरी आले.
शेवटचा फेटू.
चेन पडली होती त्याची,
गाडी ढकलत, हसत, शिव्या देत तो रेषेपर्यंत आला
आणि मी हेल्मेट न काढताच त्याच्या मागून ढकलायला लागले.

सोमवारी पहाटे चार वाजता गोठ्यात दिवा लावला.
बासष्ट नंबरच्या गाईने माझा अंगठा हुंगला
आणि तोंड फिरवलं.
कोपर दुखत होतं. व्हॅनमध्ये टांगलेल्या सुटावर
पेनीक्विकच्या जुन्या खरचटण्याशेजारी
आता माझं एक होतं, नवं, अजून पांढरं.

लिव्हर द्यायचा राहिलाच.