मंगळवार, चार ते सहा

रजिस्टरात त्याचं नाव अकराव्या ओळीत:
सायलस ओहोळ, वय सतरा, गिटार येत नाही.
पुढे जानेवारीपासून जूनपर्यंत हजर, हजर, हजर.
मग कोरे चौकोन.

मी तरुण संघाचा सचिव.
माझ्याकडे शिबिराची पावतीपुस्तकं असतात,
प्रोजेक्टरची वायर, नाताळच्या नाटकातल्या मेंढपाळांच्या दाढ्या,
आणि एक वाक्य, जे मी उपासनेनंतर
जिन्यात, चहाच्या टेबलापाशी, स्कूटरला किक मारता मारता
कुणालाही देऊ शकतो:
"आपण बोलू हं निवांत."

सायलसला ते मी सात वेळा दिलं.
हे पाळकांनी नाही सांगितलं, त्याच्या आईनंही नाही.
तबिथानं सांगितलं, वर्गणीची चिल्लर मोजताना:
"दादा, तुमचं निवांत केव्हा असतं?
तो वहीत लिहून ठेवायचा."

कुर्ल्यात, पाइप रोडच्या आत,
बुरख्यांच्या दुकानाला टेकून हातभर रुंदीचा ठेला.
पहिली पाळी सुटल्यावर गेलो.
भिंगाच्या दिव्याखाली सायलस कुणाचा तरी फोन उघडत होता.
म्हटलं, "येत नाहीस हल्ली?"
त्यानं स्टूल पायानं पुढे सरकवलं. उत्तर नाही.
मीही भाषण गिळलं,
उधळ्या पुत्रापासून सुरू होणारं.

पहिल्या मंगळवारी सहा गिऱ्हाइकं आली.
दुसऱ्या मंगळवारी मी बारीक स्क्रू
चुंबकाच्या पाटीवर ओळीनं ठेवायला शिकलो.
तिसऱ्या मंगळवारी माझा फोन खिशात चारदा थरथरला,
शिबिराची बस, बसचा अॅडव्हान्स,
आणि तो मान वर न करता म्हणाला,
"घ्या ना. महत्त्वाचं असेल."
त्या वाक्याला धार होती.
फोन बंद करून मी त्याच्याच ड्रॉवरमध्ये टाकला,
मेलेल्या फोनांच्या शेजारी.

चौथ्या मंगळवारी गेलोच नाही. खात्याचं ऑडिट.
हे इथं वगळावंसं वाटत होतं.

पाचव्याला त्यानं काच सोडवून दाखवली:
"आधी ऊब द्यायची, दादा. कडेकडेनं.
गोंद आपसूक सोडतो.
घाई केली की तडा, मग गिऱ्हाईक आपल्यालाच धरतं."
पातळ पत्रा आत सरकवत, काचेवरची नजर न काढता,
त्याच आवाजात म्हणाला,
मार्चपासून पप्पांचे मस्कतहून पैसे येतात.
फोन येत नाही.
"आणि तुम्ही सगळे 'हे पित्या' म्हणता ना,
तेव्हा माझं तोंड मिटतं."

माझ्याकडे वचन होतं. तीन होती.
मी दोन कटिंग सांगितले.

रात्री झोपताना आठवलं,
त्यानंही सरोवराच्या काठी आधी कोळशावर मासे भाजले,
रात्रभर जाळं ओढून दमलेल्यांना वाढले,
आणि पोटात काही गेल्यावर एकाला नाव घेऊन विचारलं.
इतकी वर्षं मी तरुणांना तो प्रश्नच शिकवला.
मासे कुणी भाजले, ते नाही.

अकराव्या ओळीतले चौकोन अजून कोरे आहेत.
पाळक आकडे विचारतात.
बस आता तबिथा बघते, माझ्यापेक्षा बरी.
मंगळवारी बायको सुकटीची चटणी जरा जास्त बांधते,
का ते विचारत नाही.

काल त्यानं ड्रॉवर उघडून माझा फोन पुढे केला:
"सव्वासहा झाले, दादा.
तुमचं निवांत संपलं."
आणि हसला.
मी स्टूलवरून उठलो नाही.