गेला (क्रियापद नव्हे)

कुतैसी शहरात एक कॅमेरामन आहे.
नाव गेला.
तिकडे जॉर्जियात हे साधं, बापाने ठेवलेलं नाव;
आपल्याकडेच त्याचं क्रियापद होतं
आणि हाक मारता मारता माणूस संपतो.
तेव्हा आधीच सांगून ठेवते : गेला आहे.
एकसष्ट वर्षांचा. उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली,
एकतीस वर्षं तिथे चॅनलचा कॅमेरा बसला म्हणून.

ज्या मंगळवारी रिओनी नदी पुलाला लागली
गेला पोचला सात चाळीसला.
तिपाई उघडली, पायांखाली लाकडी पाचरी सारल्या,
पांढऱ्या कागदावर रंग जुळवून घेतले
शिकवलं होतं तसं.
तोवर पाणी उतरू लागलं होतं
आणि शहराने नदी टिपून,
पाठवून, पुन्हा पाहून
चहाला आधण ठेवलं होतं.

चारशे अकरा तुकडे.
नुत्साने मोजले. चॅनलमधली नवी मुलगी,
नखांवरचा निळा रंग अर्धा उडालेला.
"काका, तुमचं चित्रण राहू दे. हे जोडून द्याल?"
राहू दे म्हणताना तिने खुर्ची पुढे केली होती.
तेवढ्यावर तो बसला.

उभी चित्रं. सगळी उभी.
दाराच्या फटीतून चोरून पाहावी तशी नदी.
थरथरते हात, भिंगावर आलेला अंगठा,
कुणाच्या तरी सदऱ्याचं बटण, नदीपेक्षा मोठं.
एका पोराने पुराकडे पाठ करून स्वतःलाच टिपलंय :
मागून एक ट्रक वाहत जातो
आणि हा केस सारखे करतो.
एका तुकड्यात नुसतं छत.
फोन ओट्यावर उताणा पडलाय
आणि एक बाई कुत्रीला हाका मारतेय, त्सुगा, त्सुगा,
एक मिनिट नऊ सेकंद
छत.

असलं सगळं गेला जन्मभर पुसत आला.
फीत महाग;
तिच्यावर दुसऱ्या दिवशीचा मंत्री चढायचा.

आता आधीचं कुठलं, नंतरचं कुठलं?
या हातातून त्या हातात जाता जाता
तुकड्यांवरची वेळ गळून पडलेली.
त्याने डोळे मिटले.
टेकडीवरच्या चर्चची घंटा
त्या सकाळी कुणीतरी घाबरून बडवत होतं,
तीन ठोके, दम, दोन ठोके,
मग खोकला यावा तसा एकच.
ती सगळ्यांच्या मागे होती.
त्सुगाच्या हाकांमागे, केस सारखे करणाऱ्या पोरामागे,
"अक्रोडाची पोती आधी वर घ्या" म्हणून
कुणी सुनेवर ओरडतं, त्याच्याही मागे.

घंटेला घंटा लावत त्याने नदी शिवत आणली,
चारशे अकरा बाल्कन्यांची एक.
छत त्याने अख्खं ठेवलं.
पाणी जवळ येताना फक्त तिथेच ऐकू येतं.

दोनशे ऐंशीवा तुकडा चौथ्या मजल्यावरून घेतलेला.
पुलाच्या तोंडाशी एक म्हातारा, खांदा कललेला,
तिपाईशी वाकून पाचरी सारतोय.
नदीकडे पाठ.
चित्रात न दिसणारी एक मुलगी आईला सांगते,
"बघ, टीव्हीवाला आला."

स्वतःच्या लग्नातसुद्धा
तो अर्धा वेळ कॅमेऱ्यामागे होता.
एकतीस वर्षांचं शहर पडद्यावर त्याच्या डोळ्याने गेलं,
त्यात हा माणूस कुठे नाही.
आणि हे अकरा सेकंद,
एका पोरीने सहज, दात घासता घासता टिपलेले.
बोट कापायच्या बटणावर ठेवून तो बराच वेळ बसला.
अकरातले चार कापले.
सात ठेवले. तिचं वाक्यही.
चार का कापले, नुत्साने नंतर विचारलं.
"हात हलला होता तिचा," म्हणाला.

पण त्या वेळी ती खुर्चीत झोपली होती.
त्याने तिच्या अंगावर आपला कोट टाकला,
पडदा काळा केला
आणि गेला चहा प्यायला गेला.

दुसरं क्रियापद आहे.