र-खालचं टिंब

देवगडात, बर्फाच्या फॅक्टरीवरच्या खोलीत
टेबलावर तीन मशीनं.
एक माझं, लिनक्सचं, झाकणावर आंबापेटीचा जुना स्टिकर.
एक मच्छीमार सोसायटीचं, विंडोजचं,
कुबलबाईंनी पावत्या दाबायला ठेवलेल्या शिंपल्यासकट आलेलं.
आणि इरफान मुकादमच्या मामानं दोह्याहून धाडलेलं मॅक,
त्याचा एक बिजागर निखळलाय,
ते भिंतीला टेकल्याशिवाय बसत नाही.

काम एवढंच:
एक हुकूम द्यावा, आणि सगळा प्रोग्राम बांधून व्हावा,
तिन्हीकडे, तसाच, दर वेळी.
कुठल्या वाडीला किती वाजता निरोप जायचा
पाणी वाढतंय म्हणून.

विंडोजला वाटेतली रेघ उलटी कललेली लागते. दिली.
ओळ संपली की त्याला दोन खुणा हव्यात:
आधी गाडी मागे ओढ, मग कागद वर सरकव.
टाइपरायटर कधीच भंगारात गेला,
खोड राहिली.
माझ्या स्क्रिप्टचं काय सांगू,
नावात मोकळी जागा दिसली की दोन तुकडे;
पडेल कॅन्टीनमधलं
पडेल शोधायची, मग कॅन्टीन शोधायची,
आणि दोन्ही नाहीत म्हणून मला सांगायची.

हे सगळं निस्तरलं.
मग मॅक म्हणालं: 'दऱ्या' सापडत नाही.
इरफाननं कप्पा उघडून दाखवला.
"ह्यो बघ. माझ्याकडे तर दिसता हा."
दिसत होता.
तीन रात्री तो दिसत होता आणि सापडत नव्हता.
खाली लाद्या घसरत होत्या, भुसा, पाणी, शिव्या.

चौथ्या रात्री नाव वाचायचं सोडलं
आणि बाइट मोजले.
माझ्याकडे ऱ एकसंध होता.
मॅकनं ठेवता ठेवता तो उकलला होता:
र वेगळा, खालचं टिंब वेगळं.
डोळ्याला तेच.
मोजणीला तीन जास्त.

"टिंब पुसून टाक," इरफान म्हणाला.
एका ओळीचं काम.
पुसलं.
हिरवं, हिरवं, हिरवं.
बंदरावर जाऊन चहा प्यायलो, कटिंग नाही, पूर्ण.

सकाळी कुबलबाईंचा फोन.
"गे जुई, तुझा यंत्र म्हणता पाणी मीटरभर चढलां.
मी धक्क्यार उभी आसय.
खडपां उघडी आसत."

आमच्याकडे कप्पे दोन होते.
'दर्या', त्यात समुद्राचे आकडे.
'दऱ्या', त्यात घाटाखालच्या ओढ्यांचे.
टिंब पुसलं
आणि गगनबावड्यापासून खालच्या सगळ्या दऱ्या
एका रात्रीत दर्या झाल्या,
ओढ्यांचे आकडे भरतीच्या आकड्यांवर येऊन बसले,
कुणी कुरकुर केली नाही,
तिन्ही मशीनं हिरवीगार.

ती ओळ काढली.
आता फक्त ताडून बघताना
दोन्हीकडचा र त्याच्या टिंबाला जोडून घेतो,
जिथे जे नाव जसं लिहिलंय ते तसंच राहू देतो.
आणि एक चाचणी लिहिली:
रोज पहाटे तिन्ही मशीनं दोन कप्पे बांधतात,
दर्या, दऱ्या,
आणि बघतात की ते अजून दोनच आहेत.

कुबलबाई विचारत होत्या, झालं काय नेमकं?
पावतीच्या पाठीवर दोन्ही शब्द लिहून दिले.
त्यांनी चष्मा वर केला.
"ह्या? ह्याचेच तर मार्क जायचे आमचे शाळेत."

परवा सोसायटीच्या नव्या पोरानं कप्पा केलाय:
'किनाऱ्यावर नवीन',
आणि 'नवीन'नंतर एक मोकळी जागा,
त्याच्या अंगठ्याखालून निसटलेली.
लिनक्सनं ती जपली.
विंडोजनं मुकाट गिळली.
मी मॅक भिंतीला नीट टेकवलं
आणि खुर्ची पुढे ओढली.